दोन वेळा माशाचं जिरं सोडलं, दोन्ही वेळा चार दिवसांच्या आत खड्डा रिकामा. नेमकं कुठं चुकतंय?

फुगवट्याकाठचा, करमाळा, जि. सोलापूर. २ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. उजनी धरणाच्या फुगवट्यापासून आमचं रान दोन किलोमीटरवर. ऊस आणि केळी. ३४ बाय ३४ मीटरचं अस्तरीकरण केलेलं शेततळं आहे, त्यात तीन वर्षं रोहू-कटला करतो. मासा चांगला येतो, तक्रार बीजाची आहे. बोटुकली, म्हणजे बोटाएवढं माशाचं पिल्लू, लांबून टेम्पोनं येते, निम्मी वाटेत अर्धमेली होते. मागच्या वर्षी कटला म्हणून पैसे मोजले आणि चार महिन्यांनी जाळ्यात निघाला बहुतेक सायप्रिनस, म्हणजे वेगळ्याच जातीचा मासा. आमच्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत मिळून तीसेक शेततळी आहेत, सगळ्यांचं हेच रडगाणं. म्हणून ठरवलं, जिरं, म्हणजे तीन-चार दिवसांची माशाची इवली पिल्लं, आणून बोटुकली आपणच तयार करायची. स्वतःला लागेल तेवढी ठेवायची, उरलेली गावात द्यायची.

काळ्या रानात २० बाय १० मीटरचा, चार फूट खोल खड्डा जेसीबीनं काढला. त्याला प्लास्टिकचा कागद नाही, मातीचाच आहे.

पहिली खेप ८ जुलैला. चार पिशव्या, प्रत्येकी ५० हजार, म्हणजे २ लाख जिरं. रोहू, कटला, मृगळ अशा तिन्ही जातींचं मिसळलेलं. नऊ तासांचा प्रवास झाला. खड्डा ६ तारखेच्या रात्री बोअरनं भरला होता, पाणी काचेसारखं स्वच्छ. पिशव्या पंधरा मिनिटं पाण्यावर तरंगवल्या, मग सोडल्या. संध्याकाळपर्यंत काठाला मेलेल्या पिल्लांचा पांढरा थर. तळहातावर घेऊन पाहिलं तर इवल्याशा पोटात बुडबुडा दिसत होता. बायकोलाही दाखवला, तिलाही दिसला.

दुसरी खेप २४ जुलैला. पाऊस सुरू असल्यानं खड्डा सुकवता आला नाही, तेच पाणी ठेवलं. २० तारखेला ४० किलो ताजं शेण आणि २ किलो युरिया टाकला. पाणी छान हिरवं झालं. दुपारी तीनला सामू (पीएच) मोजला, ९ च्या वर होता. या वेळी पिशवीत थोडं थोडं तळ्याचं पाणी मिसळत अर्ध्या तासानं सोडलं. रोज २ किलो भुईमूग पेंड आणि भाताचा कोंडा कोरडाच वरून भुरभुरवला. पहिल्या दोन सकाळी काठानं पुंजके पळताना दिसले, मन हरखून गेलं. तिसऱ्या दिवशी कमी. चौथ्या दिवशी काहीच नाही. सुती साडी ताणून ओढली तर सात पिल्लं आणि वाटीभर किडे निघाले. एक किडा पाठीवर उताणा पोहतो, एक काडीसारखा लांब आहे.

पक्ष्यांसाठी वरून जाळी आहे. सापांसाठी रात्री खड्ड्यावर हॅलोजन लावून मी स्वतः खाटेवर झोपतो, त्यामुळं कुणी उचलून नेलं असं नाही.

हंगाम संपत आलाय. अजून एक खेप आणावी की यंदा सोडून द्यावं? ज्यांनी स्वतः जिरं वाढवलंय त्यांनी कृपया सांगा. घरात आता या विषयावर बोलायची चोरी झाली आहे.

वाळवा_मत्स्य, जि. सांगली. २ ऑगस्ट

थोडक्यात सांगतो. जिऱ्याच्या नादाला लागू नका, इंचभराची अर्धबोटुकली आणा. मी तीन हंगाम जिऱ्यात घालवले आणि सोडून दिलं. अर्धबोटुकली महाग पडते, पण निम्म्याहून जास्त जगते. तुमच्या ३४ बाय ३४ च्या तळ्याला मोठा मासा करायला हजारभर बोटुकली पुरते, तेवढ्यासाठी २ लाख जिरं कशाला?

तलावपाळीची, साकोली, जि. भंडारा. ३ ऑगस्ट

दादा, तुमचं लिहिलेलं रात्री वाचलं आणि झोप लागली नाही. वाटीभर किडे आणि सात पिल्लं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

आम्ही ढीवर, पिढीजात मासेमारी करणारे. माहेरही तेच, सासरही तेच. आमच्या संस्थेकडे एक मामा तलाव आहे. मालगुजारीच्या काळातला म्हणून माजी मालगुजारी तलाव, बोलताना मामा तलाव. त्याच्या पाळीखाली आमचे पाच लहान खड्डे आहेत, त्यात मी एकवीस वर्षं जिरं वाढवून राहिले. माझे सासरे सांगायचे, त्यांच्या लहानपणी बीज हावड्याच्या गाडीनं हंड्यांमधून यायचं. बंगालच्या नद्यांमधून धरलेलं. बरोबरचा माणूस रात्रभर हंडी हलवत बसायचा, नाही हलवली तर बीज गुदमरायचं. रोहू-कटला साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं, म्हणून नदीशिवाय बीजच नव्हतं. १९५७ मध्ये ओरिसात हिरालाल चौधरींनी माशाच्या डोक्यातल्या ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावली, तेव्हा हे कोडं सुटलं. १० जुलैला मत्स्यशेतकरी दिन असतो तो त्याचाच. आता इंजेक्शन आहे, गोल हौद आहेत, बीज पैदा करणं सोपं झालं. पैदा झालेलं जगवणं मात्र आजही तेवढंच नाजूक आहे.

आधी जिऱ्याची अवस्था लक्षात घ्या. अंडं चौदा ते अठरा तासांत फुटतं. पिल्लाच्या पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी असते, तीन दिवस त्यावर ते जगतं. हॅचरीवाले ती पिशवी जिरली की जिरं विकतात. म्हणजे तुमच्या हातात पिशवी आली त्या क्षणी पोटातली शिदोरी संपलेली असते. वरून नऊ तासांचा प्रवास. ते पिल्लू पाण्यात उतरलं की त्याच दिवशी त्याच्या तोंडात मावेल एवढं जिवंत खाद्य समोर पाहिजे. पेंडीचा भुगा ते पहिल्या दिवशी ओळखत नाही. त्याला हलणारं खाद्य लागतं: रोटिफर, मोइना, पाण्यातल्या बारक्या पिसवा.

तुमच्या पहिल्या खेपेचं पाणी काचेसारखं होतं म्हणता. पोटातल्या बुडबुड्याबद्दल इथं शिकलेली मंडळी आहेत ती सांगतील. पण बुडबुडा नसता तरी त्या पाण्यात खायला काय होतं? ते जिरं आणखी दोन दिवसांनी उपाशी मेलंच असतं.

दुसऱ्या खेपेला खाद्य होतं, पण खाणारे आधीच येऊन बसले होते. खड्डा ६ जुलैला भरला, जिरं २४ ला सोडलं. अठरा दिवस! पावसाळ्यात पाणी भरलं की तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून किडे उडत येतात. तो उताणा पोहणारा किडा पिल्लाला धरतो आणि सोंड खुपसून रस शोषून घेतो. काडीसारखा लांबही तसाच. काळा पाणभुंगेरा आणि त्याची अळी तर फाडूनच खातात. रोज एकेका किड्यानं पाच-दहा पिल्लं घेतली तर तुमच्या खड्ड्यात काय उरणार?

आणि दादा, तो हॅलोजन. वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही राखण म्हणून दिवा लावला, पण हे पाण्यातले किडे रात्री उडतात आणि उजेडाकडे येतात. तुमच्या दिव्यानं आजूबाजूच्या पाटातले, डबक्यातले किडे बोलावून खड्ड्यात उतरवले. आमच्याकडे २०११ साली रस्त्याचा नवा खांब नेमका आमच्या दोन नंबरच्या खड्ड्याशेजारी लागला. त्या वर्षी त्या एका खड्ड्यात काही उरलं नाही, बाकी चार ठीक होते. सासरे म्हणाले खड्ड्याला नजर लागली. मी सात रात्री पाळीवर बसले तेव्हा कळलं. दिव्याखाली पाण्यावर टप् टप् आवाज यायचा, पाऊस नसताना. ते किडे पडत होते. आम्ही त्या खांबाच्या बाजूनं ताडपत्री ताणली आणि पुढच्या वर्षी खड्डा सुधारला. तुम्ही टॉर्च घेऊन बसा, दिवा नको.

आता पुढच्या खेपेचं सांगते. तुमचा खड्डा २०० चौरस मीटर, म्हणजे दोन गुंठे. मातीच्या खड्ड्याला एका चौरस मीटरला तीनशे ते पाचशे जिरं, म्हणजे तुम्हाला ६० हजार ते १ लाख. तुम्ही २ लाख टाकलं, ते दुप्पट झालं. मी असते तर नव्या खड्ड्यात ८० हजाराच्या वर गेले नसते. आणि एका वेळी एकच जात. कटला, रोहू, मृगळ एकत्र नंतर, मोठ्या तळ्यात. जिरं असताना सगळ्यांना एकच बारीक जीव खायचा असतो, मग त्यांची आपसातच ओढाताण होते. मिसळलेलं जिरं घेताना आणखी एक धोका आहे. एकाच हौदात रोहू-कटला सोबत सोडून अंडी घेतली असतील तर संकर झालेली पिल्लं येतात, ती ना धड रोहू ना धड कटला. विकणाऱ्याला विचारा, एका हौदात एक जात घेता का म्हणून.

खड्डा पूर्ण उपसा. पाऊस उघडीप देईल तेव्हा तळ भेगा पडेपर्यंत नाही सुकला तरी चिखल घट्ट होऊ द्या. चुना ४ ते ५ किलो, तळाला आणि काठाला. सुकत नसेल आणि तळाच्या डबक्यात चिलापी, मरळ असे मासे शिरले असतील तर मोहाची पेंड टाकावी लागते, पण तिचं विष उतरायला दोन-तीन आठवडे जातात. एवढा वेळ तुमच्याकडे यंदा नाही. म्हणून उपसणंच बरं.

मग खताची पेस्ट. १५ किलो भुईमूग पेंड, ४ किलो शेण, १ किलो सिंगल सुपर फॉस्फेट. रात्रभर भिजवायचं, हातानं कालवून दाट करायचं. निम्मं जिरं यायच्या दोन-तीन दिवस आधी पाणी मिसळून सगळीकडे शिंपडा. उरलेलं निम्मं राखून ठेवा, पाण्याचा रंग उतरू लागला की थोडं थोडं द्या. युरिया नको. ४० किलो ताजं शेण एकदम तर नकोच, ते खाली बसून कुजतं आणि पहाटे श्वास संपवतं.

खड्डा जिरं येण्याच्या चार-पाच दिवस आधीच भरायचा, त्याच्या आधी नाही. पाणी मलमलच्या कापडातून गाळून घ्या. पहिल्यांदा दोन फूट पुरे. मोठं पाणी पिल्लांना नको, त्यांना खाद्य जवळ पाहिजे. नंतर आठवड्यानं वाढवत न्या.

जिरं सोडायच्या आदल्या दिवशी साबण-तेल. तुमच्या खड्ड्याला सव्वा किलोच्या आत कुठलंही स्वस्त खाद्यतेल आणि साडेतीनशे ग्रॅम कपड्याचा साबण. साबण गरम पाण्यात विरघळवा, तेल ओतत घोटा, पांढरं दूध होईल. वारा नसताना शिंपडायचं. पाण्यावर पातळ पडदा धरतो. हे किडे हवा घ्यायला वर येतात, पडद्यानं त्यांची श्वासाची नळी बंद होते आणि तासा-दोन तासांत मरून तरंगतात. वारा आला किंवा सर पडली तर पडदा फाटतो आणि मेहनत वाया जाते, म्हणून आभाळ पाहून करा. पिल्लं कल्ल्यानं श्वास घेतात, त्यांना दुसऱ्या दिवशी त्याचा त्रास नाही.

एक मात्र या तेलानं मरत नाही. चतुराची अळी. ती पाण्यातच श्वास घेते, वर येतच नाही. तिला बारीक जाळीनंच ओढून काढायचं, गवत असलेल्या काठानं तर दोनदा. मी हे शिकायला तीन वर्षं लावली. तेल टाकून निर्धास्त बसायची आणि पिल्लं कमी होतच राहायची.

शेवटची परीक्षा जिरं मागवण्याआधी. ५० लिटर पाणी, बादलीनं वेगवेगळ्या जागचं, बारीक कापडातून गाळा. कापडात राहिलेलं काचेच्या नळीत घ्या, चिमूटभर मीठ टाका. जीव खाली बसतील. एक ते दोन मिली गाळ बसला तर फोन करा आणि जिरं मागवा. नाही बसला तर मागवू नका, मग गाडी कितीही स्वस्त मिळत असो. बहुतेक लोक उलटं करतात. आधी गाडी ठरवतात, मग पाण्याचं पाहतात. मीही करायची.

वाळव्याच्या दादांचं म्हणणं मोठ्या माशापुरतं बरोबर आहे. पण तीस शेततळ्यांना बीज द्यायचं असेल तर कोणीतरी जिरं वाढवलंच पाहिजे ना जी. ते आपल्याच गावात झालं तर टेम्पोत मरणारं बीज वाचेल.

कल्ले_आणि_पर, उदगीर. ३ ऑगस्ट

ताईंनी जे लिहिलंय ते वर्गात शिकवतात त्याहून स्पष्ट आहे. मी मत्स्यविज्ञान शिकलो आहे, दोनच गोष्टी जोडतो.

पोटातला बुडबुडा हा वायुबुडबुड्याचा विकार. खोल बोअरचं पाणी जमिनीत दाबाखाली असतं, त्यात नायट्रोजन जादा विरघळलेला असतो आणि प्राणवायू जवळजवळ नसतो. ते वर येऊन तापलं की जादा वायू बाहेर पडायला बघतो. पिल्लाच्या रक्तातही तेच घडतं आणि अंगात बुडबुडे धरतात. पिल्लू उलटं होऊन वर तरंगतं. उपाय साधा आहे. बोअरचं पाणी थेट पाइपनं तळाशी सोडू नका. पाच-सहा फुटांवरून भोकं पाडलेल्या पत्र्यावर पाडा, शिंतोडे उडू द्या. मग तीन-चार दिवस उघड्यावर राहू द्या. ताई सांगतात तसं चार दिवस आधी भरलं तर हेही त्यातच साधतं.

दुसरं, सामू ९ च्या वर आणि युरिया हे एकत्र घातक आहे. हिरवं शेवाळ दुपारी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकतं आणि सामू चढतो. युरियातून अमोनिया तयार होतो. सामू जितका चढा, तितका त्यातला विषारी भाग जास्त. किड्यांनी खाल्लं हे खरंच असेल, पण अशक्त झालेलं पिल्लू किड्याच्या तोंडी लवकर जातं. सामू पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा मोजत जा. फक्त दुपारचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो.

अस्तराच्या शेततळ्यात जिरं सोडायचा विचार चुकूनही करू नका. प्लास्टिकमुळं माती नाही, माती नाही म्हणून खत दिलं तरी पाण्यात बारके जीव लवकर तयार होत नाहीत. खोली जास्त, काठ घसरडा आणि उभा. पिल्लाला थांबायला उथळ जागाच नाही. मातीच्या खड्ड्यात इंचभर झालं की मग शेततळ्यात हापा, म्हणजे पाण्यात बांधलेली जाळीच्या कापडाची पेटी, लावून वाढवा.

फुगवट्याकाठचा, करमाळा. ४ ऑगस्ट

तुम्हा दोघांचं लिहिलेलं रात्री बायकोला वाचून दाखवलं. हॅलोजनचं वाचून तीच म्हणाली, आपण रोज सकाळी दिव्याखाली झाडलेले किडे कोंबड्यांना टाकत होतो. बरोबर आहे. पंधरा दिवस सूपभर किडे गोळा करत होतो आणि डोक्यात प्रकाश पडला नाही.

ताई, काल पंप लावून खड्डा उपसला. तळाच्या चिखलात चतुराच्या अळ्या मोजल्या तर एका हातभर जागेत अकरा. आता दोन गोष्टी विचारतो. एक, आमच्याकडं मोहाची पेंड सहज मिळत नाही, पण कॅनॉलच्या पाटातून बारकी चिलापी शिरते, तिचं काय करू? दोन, पेंड-कोंडा दिवसाला किती आणि कसा द्यायचा? मी कोरडा भुरभुरवत होतो.

तलावपाळीची, साकोली. ४ ऑगस्ट

चिलापीला पाटाचं तोंडच बंद करा. पाणी बोअरचंच घ्या, वरच्या दादांनी सांगितलं तसं पत्र्यावर पाडून. पाटाच्या बाजूला वीतभर मातीचा बांध घाला, जोराच्या पावसात पाट फुटून आत आला तर सगळं गेलं. एक चिलापी दिवसभर जिरंच टिपत बसते.

खाद्य असं. १ लाख जिऱ्याला पहिले पाच दिवस रोज ६०० ग्रॅम, मग रोज १२०० ग्रॅम. तुमच्या ८० हजाराला पावणेपाचशे ते पाचशे ग्रॅम, नंतर दुप्पट. भुईमूग पेंड आणि कोंडा समसमान. दोन्ही दळून मैद्यासारखं चाळा, निम्मं सकाळी, निम्मं संध्याकाळी, काठाकाठानं. कोंडा कोरडा टाकला तर वाऱ्यानं एका कोपऱ्यात जमतो आणि तिथं सडतो. पाण्यात कालवून पातळ करून शिंपडा. तुम्ही २ किलो टाकत होता, त्यातलं बहुतेक खाली गेलं असणार. चिखलाला वास येत होता का? येत असेल तर तेच.

पिशव्या सकाळी उन्हाआधी किंवा संध्याकाळी सोडा. दुपारी कधीच नाही. पिशवी बंदच ठेवून वीस मिनिटं तरंगवा, मग तोंड उघडून ओंजळीनं खड्ड्याचं पाणी घाला, पुन्हा थांबा, पुन्हा घाला. शेवटी पिशवी आडवी करून धरा. जिरं स्वतः पोहत बाहेर जाऊ द्या, ओतू नका. जे बाहेर जात नाही ते आधीच मेलेलं असतं, ते वेगळं काढा आणि अंदाज लिहून ठेवा. विकणाऱ्याशी बोलताना तो आकडा कामी येतो.

वाळवा_मत्स्य, सांगली. ५ ऑगस्ट

ताई, माझ्या तीन हंगामांत माझ्याही खड्ड्यावर मोटारीच्या खोलीचा बल्ब रात्रभर सुरू असायचा. आज कळतंय. पुढच्या जूनला मीही एकदा करून बघणार. तिसऱ्या खेपेचं काय झालं ते इथं नक्की लिहा.

फुगवट्याकाठचा, करमाळा. १२ सप्टेंबर

उशिरा लिहितोय, कारण मोजणी झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

१० ते १५ ऑगस्ट आभाळ उघडं मिळालं. खड्ड्याच्या तळाला भेगा पडल्या नाहीत, पण पाय रुतत नव्हता. चुना ५ किलो. १६ ला पाणी सोडलं, जुना पत्रा खिळ्यानं भोसकून त्यावर पाडलं. १८ ला पेस्टचं निम्मं शिंपडलं. १९ ला बारीक जाळी दोनदा ओढली, अळ्या निघाल्या, पण मूठभरच. २० ला सकाळी ५० लिटर गाळलं तर गाळ अर्धा मिलीच बसला. गाडी २१ ला येणार होती. हॅचरीला फोन करून गाडी पुढं ढकलली, तो माणूस वैतागला. दोन घमेली पेस्ट आणखी दिली. २२ ला दीड मिली बसला. मीठ टाकण्याआधी बायकोनं नळी उन्हाकडं धरली तर आतले जीव उड्या मारत होते. त्याच दुपारी साबण-तेल केलं. तासाभरात उताणे किडे काठाला लागले, शंभरच्या वर मोजले आणि मग मोजायचं सोडून दिलं.

२३ ला पहाटे सहाला ८० हजार रोहू. फक्त रोहू. रात्री खाटेवर मीच, पण अंधारात. एकदा दिवड आली, टॉर्चच्या उजेडात काठीनं हाकलली.

सातव्या दिवशी काहीच दिसेना आणि माझं अवसान गेलं. पाणी गढूळ हिरवट झालं होतं. रात्री दहाला काठावर बसून टॉर्च पाण्यात तिरपा धरला. डोळे चमकले. एक, चार, दहा, मग सगळ्या काठानं. घरी पळत जाऊन बायकोला उठवून आणलं.

काल, विसाव्या दिवशी, जाळं ओढून हाप्यात घेतली. आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवलं होतं. चहाच्या गाळणीनं मोजली, एका गाळणीत सरासरी २६०, एकूण ११९ गाळण्या. म्हणजे ३१ हजाराच्या थोडी खाली. लांबी इंचापर्यंत, काही जास्त. मेलेली फार थोडी.

ताई, शंभरात एकोणचाळीस जगली. तुमच्याकडं किती जगतात? मला हे कमी वाटावं की पुरे?

आता ही शेततळ्यात हाप्यात टाकायची आहेत. कापड कोणतं घेऊ, किती घनतेनं ठेवू?

तलावपाळीची, साकोली. १२ सप्टेंबर

दादा, तुम्ही गाडी पुढं ढकलली तिथंच मला वाटलं, हे जमणार. माझे पहिले तीन हंगाम पंधरा-वीसच्या वर गेले नव्हते. आता आमच्याकडे चांगल्या सालात चाळीस-पंचेचाळीस राहतात, वाईट सालात तीस. तुमच्या पहिल्या नीट खेपेला एकोणचाळीस म्हणजे पुरेच नाही, चांगलंच झालं.

हाप्याला मच्छरदाणीचं कापड आता चालतं, आधीचं मलमल नको, त्यातून पाणी फिरत नाही. चारी कोपरे काठीला बांधा, वरचा काठ पाण्याच्या हातभर वर ठेवा, नाहीतर पिल्लं उड्या मारून जातात. दर तीन-चार दिवसांनी बाहेरून ब्रशनं घासा, शेवाळ धरलं की भोकं बुजतात आणि आत गुदमरतं. सगळी ३१ हजार हाप्यात कोंबू नका. आठ-दहा हजार हाप्यात, बाकीची शेततळ्यात मोकळी सोडा. तुमच्या तळ्याला मोकळी वीस-बावीस हजार बोटुकली होईपर्यंत दोन-अडीच महिने चालतील. त्यानंतर मात्र गावात वाटून टाका, दाटीत ती वाढणार नाहीत.

आणि गावात देताना आदल्या रात्री उपाशी ठेवून द्या. पोट भरलेलं बीज पिशवीत घाण करतं आणि वाटेत मरतं. तुमच्या टेम्पोतल्या बीजाचंही बहुधा तेच होत असावं.

फुगवट्याकाठचा, करमाळा. १३ सप्टेंबर

मच्छरदाणी आणली, आज दुपारी शिवायला बसलोय दोघं. दोन गावांतून नऊ जणांनी नावं लिहून दिली आहेत. वाळव्याचे दादा, जूनमध्ये खड्डा काढाल तेव्हा कळवा, जाळी ओढायला मी येतो.